लसीचा फ्रीज उघडून पाहा
सरकारी आरोग्य केंद्राच्या तपासणीची तारीख आधी कळवावी, असं काहींचं मत आहे; मला ते पटत नाही. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पथक येणार म्हटलं की भिंतींना चुना लागतो, 'कायाकल्प' या सरकारी स्वच्छता पुरस्कार योजनेचे फलक पुसून चकचकीत केले जातात. पण मे महिन्यात तासन्‌तास वीज नसते, तेव्हा लसीच्या फ्रीजचं तापमान २ ते ८ अंशांत राहतं का? नोंदवही सकाळ-संध्याकाळ भरतात, की सगळी आदल्या रात्री एकाच पेनानं? ते बघा. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, साप चावलेला माणूस आला तर सर्पदंशाचं इंजेक्शन आहे ना, हेही. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून १० बाळं गेली. आमच्या केंद्रातल्या आग विझवायच्या सिलिंडरवरची मुदत मी मागच्या आठवड्यात वाचली. संपलेली होती.