गृहमंडळीत सगळे बोलते कसे होतील? मदत हवी आहे

जय ख्रिस्त सगळ्यांना. आमची छोटी गृहमंडळी (घरात भरणारी ख्रिस्ती मंडळी) आहे, दर आठवड्याला कुणाच्या तरी घरी जमतो, गाणी होतात, प्रार्थना होते, पण वचनाची, म्हणजे बायबलवर बोलायची, वेळ आली की एकटे दादाच बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. आता बायबलमधल्या १ करिंथ १४:२६ मध्ये तर प्रेषित पौल म्हणतो की तुम्ही जमता तेव्हा कुणाजवळ स्तोत्र असतं, कुणाजवळ शिक्षण, म्हणजे प्रत्येकाने काहीतरी आणायचं ना? पौलाच्या सोबतीचं जोडपं प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरच्या मंडळीत पण असंच होत असेल असं मला वाटतं.

मला तर वाटतं खरी अडचण आठवडाभराची आहे, घरी वचन उघडलंच नाही तर मंडळीत सांगणार काय! माझंही तसंच आहे, सकाळी प्रार्थनेला बसले की मोबाईल वाजतो, मग कामं, मग रात्री झोप. योहान १५ मध्ये येशू म्हणतो माझ्यामध्ये राहा, पण हे कामाच्या गडबडीत कसं जमवता तुम्ही? आणि लाजऱ्या लोकांना बोलतं करायला काय करता, आणि दादांना न दुखवता हे सांगायचं कसं?