ख्रिस्ती लाइफ कोच घ्यावा का? ठाणे-नवी मुंबईकरांनो, सल्ला द्या

ऐरोलीची_धाकटी
जय ख्रिस्त, आणि बाकी सगळ्यांना नमस्कार.

राहायला ऐरोली, नोकरी महापेला. मूळचे आम्ही नगरचे, चर्चमध्येच वाढलेले. ऑफिसात टीम लीडची जागा देऊ केलीय. पगार वाढेल, पण दर महिन्याला आठवडाभर पुण्यात राहावं लागेल. इकडे शाब्बाथ शाळा (चर्चमधली मुलांची रविवारची शाळा) माझ्याकडे, महिला मंडळाचा हिशोब माझ्याकडे, सासऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्याही माझ्याकडेच. कुणाला नाही म्हणता येत नाही आणि हो म्हटलं तरी ते मनापासून नसतं. प्रार्थनेला बसले की डोक्यात याद्याच सुरू होतात.

चर्चमधल्या एका बहिणीने ख्रिस्ती लाइफ कोच सुचवला. ऑनलाइन सहा सेशन, अठरा हजार, सगळे आगाऊ. पहिल्याच फोनवर ते म्हणाले, "प्रभूने तुमच्यासाठी मोठं दार उघडलंय, मला स्पष्ट दिसतंय." ऐकून बरं वाटलं आणि खटकलंही.

याचा खरंच उपयोग होतो का? पाळकांशी बोलण्यापेक्षा यात वेगळं काय? आणि ठाणे-वाशी पट्ट्यात समोरासमोर भेटता येईल असं काही आहे का?

पोखरण_रोडची_आंटी
बाय, ते अठरा हजार आधी पाकिटातच ठेव.

आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मूळचे कॅथलिक, म्हणून आमच्याकडची वाट सांगते. आमच्यात आध्यात्मिक मार्गदर्शक असतो. कधी फादर, कधी सिस्टर, हल्ली शिकलेले प्रापंचिकही असतात. येशूसंघीयांकडे, म्हणजे जेझुइट फादरांकडे, तर त्यांचे संस्थापक संत इग्नेशियस यांच्यापासून, म्हणजे सोळाव्या शतकापासून, निर्णय कसा घ्यायचा याची रीत ठरलेली आहे. पुण्याची जागा घेतलीच आहे असं समजून काही दिवस वाग. मग नाही घेतली असं समजून वाग. कुठल्या विचाराने मनाला निवांत वाटलं आणि कुठल्याने नुसतं हुरळून जाऊन दुसऱ्या दिवशी कोरडं पडलं, ते वहीत लिही. रात्री झोपण्याआधी दिवसभराचं देवापुढे मांडायचं: आभार कशाचे, कुठे चुकलं, उद्या काय. एवढंच, पण नेमाने.

शांत बसायचं असेल तर अंधेरीला येशूसंघीयांचं विनयालय आहे. कल्याणला ताबोर आश्रमही आहे, पण तिथल्या रिट्रीटमध्ये गाणी, प्रवचनं, प्रार्थना, माणसांची गर्दी. तेही छान, फक्त तुला आत्ता ते नकोय असं वाटतं.

सीवूड्सचा_कोच
मी स्वतः कोच आहे आणि ख्रिस्तीही. इथे गिऱ्हाईक शोधत नाहीये, तेव्हा मेसेज करू नका.

आंटींनी सांगितलेलं मार्गदर्शन आणि कोचिंग यात फरक आहे. मार्गदर्शकापुढे विषय असतो तुमचं आणि देवाचं कसं चाललंय. कोचपुढे विषय असतो तुम्हाला कुठे जायचंय आणि येत्या आठवड्यात त्यासाठी काय करणार. समुपदेशक तिसराच, तो जुन्या जखमेवर काम करतो. ख्रिस्ती कोच काही आगळं तंत्र वापरत नाही. आधी ध्येय, मग आजची परिस्थिती, मग पर्याय, शेवटी नक्की काय करणार आणि कधी, हा क्रम कंपन्यांतल्या कोचिंगमध्येही असतो. फरक असा की 'मला काय हवंय' याच्या शेजारी 'माझं पाचारण काय', म्हणजे देवाने मला कशासाठी बोलावलंय, हा प्रश्नही टेबलावर असतो. प्रार्थना करायची तर अशिलाच्या इच्छेने.

बार्तीमयाची गोष्ट आठवा. आंधळा माणूस समोर उभा आहे, त्याला काय हवंय ते शेंबड्या पोरालाही कळेल. तरी येशू विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं? मार्क दहावा अध्याय. त्याच्या तोंडून ते यायला हवं होतं. आमच्या धंद्याचं मर्म तेवढंच आहे. म्हणून जो कोच तुमचं उत्तर ऐकण्याआधीच "मला दिसतंय" म्हणतो, तो दुसरंच काहीतरी करतोय. त्याला कोचिंगचे पैसे का द्यायचे?

आपल्याकडे कोच व्हायला परवाना लागत नाही, उद्या कुणीही कार्ड छापू शकतो. त्यातल्या त्यात इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनची, म्हणजे आयसीएफची श्रेणी विचारा. पहिल्या एसीसी श्रेणीला किमान 60 तासांचं प्रशिक्षण आणि 100 तासांचा कोचिंगचा अनुभव लागतो, त्यावरच्या पीसीसी श्रेणीला 125 आणि 500. श्रेणी असली म्हणजे माणूस चांगलाच असं नाही. पण बायबल तोंडपाठ आहे म्हणून कोचिंग येतं, असंही नाही.

कोपरखैरणे_कट्टा
आधी बुवा, मग मोटिव्हेशनल स्पीकर, आता कोच. अहो, मित्राला शनिवारी घरी बोलवा, मटण-भाकरी घाला, तोही प्रश्न विचारेल. वर भांडी घासायला मदत करेल.

ट्रान्सहार्बर_प्रवासी
@कोपरखैरणे_कट्टा मटणाचं आमंत्रण स्वीकारतो, पण मुद्दा पटला नाही. मित्र आपली बाजू घेतो. पाळकसाहेब मनाने कितीही चांगले असले तरी रविवारी त्यांना तुमच्या सासऱ्यांनाही तोंड दाखवायचं असतं, आणि शाब्बाथ शाळेला माणूस मिळत नाही ही अडचण त्यांचीच असते. त्यांनी तुम्हाला 'सोडा' म्हणावं ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

मी कळव्याचा. नोकरी सोडून बायबल कॉलेजला जायचं डोक्यात होतं आणि घरी रोज वाद. ओळखीतून एक कोच मिळाले, बेलापूरला त्यांच्या ऑफिसात भेटायचो. मला वाटलं होतं एक तर पाठ थोपटतील किंवा उपदेश करतील. त्यांनी विचारलं, "हे तुम्हाला हवंय की ऑफिसातून सुटायला हवंय?" मी बराच वेळ गप्प. तेही गप्प. घड्याळाकडे बघितलं नाही, पाणी पुढे केलं नाही, काही नाही.

मग एक काम दिलं. आठवडाभरात जे जे केलं ते एका कागदावर लिहायचं आणि पुढे तीन रकाने: हे मला कुणी सांगितलं, याची गरज कुणाला आहे, मी नाही केलं तर काय होईल. तिसऱ्या रकान्यात बऱ्याच ठिकाणी 'काही नाही' आलं. उपासनेची साउंड सिस्टिम मीच लावायचो, अँप्लिफायर माझ्याच घरी, रविवारी पहाटे रिक्षात घालून न्यायचो. नाही नेला तर? तरुण संघातला एक मुलगा केव्हापासून वाट बघत होता, त्याला हातच लावू दिला जात नव्हता. पुढच्या भेटीत कोचनी निर्गम 18 वाचायला दिलं. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचा न्याय करतोय आणि इथ्रो म्हणतो, हे काही बरं नाही, तूही झिजशील आणि लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. (सासरे होते ते मोशेचे. @ऐरोलीची_धाकटी, तुमच्या सासऱ्यांना वाचून दाखवायला हरकत नाही.)

नोकरी सोडली नाही. संध्याकाळचा एक कोर्स धरला, पहाटेची रिक्षा सुटली. खरा उपयोग झाला तो दर भेटीच्या सुरुवातीला येणाऱ्या प्रश्नाचा: "मागच्या वेळी ठरलं होतं, त्याचं काय झालं?" कुणीतरी हे विचारणार आहे म्हटल्यावर माणूस करतो.

वडिलांविषयी बोलायला लागलो तेव्हा मात्र त्यांनीच थांबवलं. हे माझ्या आवाक्यातलं नाही म्हणाले आणि समुपदेशकाकडे पाठवलं. तिथे त्यांच्यावरचा विश्वास वाढला.

वर्तकनगरची_नर्स
शेवटचा मुद्दा ठळक करायला आले. झोप उडालीय, जेवण जात नाही, रडू आवरत नाही, जगण्यात राम वाटत नाही, असं असेल तर कोचकडे जायचंच नाही, डॉक्टरकडे जायचं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारायची. टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. "विश्वास कमी पडतोय म्हणून उदास वाटतं" असं सांगणारा कुणी भेटला तर तिथून उठून या. मधुमेहाच्या गोळीला आपण अविश्वास म्हणत नाही.

ऐरोलीची_धाकटी
सगळ्यांचे मनापासून आभार. नर्सताई, तसं काही नाही, झोप लागते, उलट जरा जास्तच.

त्या कोचना मेसेज करून प्रशिक्षण कुठलं, लेखी करार मिळेल का आणि मध्येच थांबले तर पैसे परत मिळतील का, असं विचारलं. उत्तर आलं, "बहीण, जिथे विश्वास आहे तिथे कागद कशाला?" विषय संपला.

तीन रकान्यांचा कागद काल रात्री केला. शाब्बाथ शाळेपुढे 'मुलं वाट बघतात' लिहिलं आणि लिहिताना हसू आलं, म्हणजे ती सोडायची नाही. महिला मंडळाच्या हिशोबापुढे काय लिहायचं तेच सुचेना. सासऱ्यांच्या फेऱ्यांपुढे 'दीर आहेत ना' लिहून खोडलं. ते अजून तसंच आहे. पुण्याचं आंटींच्या पद्धतीने करून बघतेय. ऑफिसने महिनाअखेरपर्यंत वेळ दिलाय.

कोच मात्र हवा, हे आता पक्कं झालं. @सीवूड्सचा_कोच, पहिल्या भेटीत काय बघायचं?

सीवूड्सचा_कोच
आधी एकच भेट ठरवा, पॅकेज नको. बोललेलं कुठे जाणार नाही हे लेखी घ्या. कोच शक्यतो तुमच्या चर्चबाहेरचा असू द्या, नाहीतर महिला मंडळाचा विषय महिला मंडळातच पोचायचा. तासाभरात जास्त कोण बोललं ते बघा. तो बोलला असेल तर दुसरा शोधा. आणि पुण्याविषयी त्याने स्वतःचं मत दिलं का, तेही बघा.

ट्रान्सहार्बर_प्रवासी
बेलापूरच्या कोचना विचारून नंबर खासगीत पाठवतो. शनिवारची वेळ घ्या. रविवारी एक तर उपासना, नाहीतर मेगाब्लॉक.

कोपरखैरणे_कट्टा
आणि मटणाचं काय ठरलं?