पिट्स बायप्लेनच्या किटला इंजिन कोणतं टाकू? (52 इंच, लातूर)

लातूरचा_पतंग

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच बायप्लेन (एकावर एक दोन पंखांचं, रिमोटवर उडणारं मॉडेल विमान) बांधायलोय, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. पिट्स स्पेशल एस-1 चा बाल्साचा किट आहे, क्वार्टर स्केल, म्हणजे पंख 52 इंच. चार वर्षं माळ्यावर पडला होता, यंदा पावसाळ्यात काढला आणि रोज रात्री जेवण झाल्यावर तास-दीड तास करत करत दोन्ही पंख, धड, शेपूट सगळं उभं केलंय. कव्हरिंग बाकी आहे. आता फायरवॉलला (इंजिन बसतं त्या पुढच्या फळीला) भोकं पाडायच्या आधी इंजिन ठरवावं लागतंय आणि तिथंच गाडी अडकलीय.

प्लॅनवर लिहिलंय टू स्ट्रोक 60 ते 90 (म्हणजे 0.60 ते 0.90 घन इंच), नाहीतर फोर स्ट्रोक 90 ते 120. माझ्याकडं 61 चं जुनं टू स्ट्रोक आहे, ट्रेनरवर दोन वर्षं चाललंय, कॉम्प्रेशन अजून कडक आहे. एक मन म्हणतं तेच बसव, पैसे वाचतील. दुसरं म्हणतं एवढी मेहनत केली आणि आता इंजिनात कंजूषी कशाला. विमान 4 किलोच्या आसपास भरेल. लूप, रोल, स्टॉल टर्न, जमलं तर स्नॅप, एवढंच करायचंय, प्रॉपवर (पुढच्या पंख्यावर) लटकवायची हौस नाही. पट्टी म्हणजे मित्राच्या शेतात मुरूम टाकून दाबलेली शंभरेक मीटर, दोन्ही बाजूला सोयाबीन आणि तूर. काय टाकू सांगा.

नांदेडी_नीडल

भाऊ 61 वर उडंल, पण उडंल एवढंच. तू आधी काउल (इंजिनवरचं नाकाचं झाकण) हातात घे आणि तोंड मोज. क्वार्टर स्केल पिट्सचा काउल साधारण 8 इंच रुंद असतो. 61 ला तू 12 इंची प्रॉप लावशील, म्हणजे दोन्ही बाजूला जेमतेम दोन-दोन इंच पातं मोकळं राहिलं, बाकीचं पातं काउलच्या थोबाडावर वारा घालत बसणार. वर दोन पंख, मधले खांब, तारा, उघडी चाकं, सगळा ब्रेकच की. हे विमान पळवून पळत नाही, त्याला 15-16 इंची मोठा प्रॉप आणि कमी पिच (पात्याचा तिरकसपणा) पाहिजे, हळू फिरला तरी चालंल पण हवा भरपूर ढकलली पाहिजे. ते काम 61 च्या चिटकुल्या टू स्ट्रोकचं नाही, ते 15 हजारावर किंचाळणारं जनावर आहे.

माझं मत सरळ, 20 सीसी पेट्रोल घे.

जुना_टेलड्रॅगर

लातूरकर, सगळे तुला ताकद सांगतील. मी संभाजीनगरला बरीच वर्षं विमानं उडवतोय आणि त्याहून जास्त वेळा शेतातून वेचून आणलीत, म्हणून सांगतो, पिट्सचं इंजिन आधी वजनावर घ्यायचं, ताकद नंतर बघायची. कारण पिट्सचं नाक बघ केवढं आखूड आहे. मूळ विमान कर्टिस पिट्सनं 1944 साली उडवलं तेव्हा इंजिन लहानसंच होतं, पुढं एस-1एस ला 180 हॉर्सपॉवरचं लायकमिंग बसलं, म्हणजे सतरा फुटी पंखांच्या त्या एवढ्याशा विमानात नाकावर मोठं धूड. आपण मॉडेलमधे नाक तेवढंच आखूड ठेवतो आणि इंजिन हलकं लावतो, मग शेपूट जड होतं आणि शेवटी नाकात शिसं कोंबत बसायचं. 61 लावलंस तर तुझे वाचलेले पैसे शिसं होऊन नाकात बसतील आणि ते शिसं एक ग्रॅमसुद्धा ओढणार नाही.

काहीही विकत घ्यायच्या आधी एवढं कर. विमान पूर्ण जोड, दोन्ही पंख, चाकं, सर्वो (विमानाचे हलते भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी), रिसिव्हर, बॅटरी, सगळं जागच्या जागी. प्लॅनवर सीजीची (विमानाचा तोल जिथं राहतो त्या बिंदूची) खूण असते तिथं वरच्या पंखाला दोरी बांधून टांग. मग फायरवॉलच्या पुढं, जिथं इंजिनचा मधला भाग येईल तिथं एक हलकी पट्टी बाहेर काढ आणि तिला प्लॅस्टिकची पिशवी अडकव. तू लातूरचा, तुरीच्या डाळीला तोटा नाही. पिशवीत वाटीवाटीनं डाळ टाकत जा, विमान नाकाला किंचित झुकून सपाट झालं की थांब. ती पिशवी काट्यावर ठेव. जो आकडा येईल तेवढं तुझं इंजिन, माउंट, मफलर, प्रॉप, स्पिनर सगळं मिळून भरलं पाहिजे. कव्हरिंगचं वजन शेपटाकडं जास्त जातं, म्हणून त्यावर अजून पन्नासेक ग्रॅम धर.

दुसरं, आपल्याकडची हवा. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून 568 मीटर, त्यात मे महिन्यात 42 डिग्री. एवढ्या उंचीवर आणि एवढ्या उन्हात हवा समुद्रकाठच्या 15 डिग्रीच्या हवेपेक्षा 14-15 टक्के पातळ असते. इंजिनला तेवढी कमी हवा, प्रॉपला तेवढी कमी पकड, पंखाला तेवढी कमी उचल. प्लॅनवर 60 ते 90 लिहिणाऱ्यानं तुझं मेमधलं शेत बघितलेलं नसतं. म्हणून प्लॅनवरच्या आकड्यांच्या वरच्या टोकाला राहा.

विजेरी_बीडकर

मी अंबाजोगाईहून. कुणी नाव घेत नाही म्हणून मीच घेतो, इलेक्ट्रिक का नको? 6 सेल 5000 ची लिपो, 400 केव्हीच्या (दर व्होल्टला 400 फेरे) आसपासची मोटर, 80 अँपचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा डबा), 16 इंची प्रॉप, 1300-1500 वॅट आरामात. ना तेल, ना नीडल (इंधनाचं प्रमाण लावायचा स्क्रू), ना घरी आल्यावर तासभर विमान पुसणं. बॅटरीच 700 ग्रॅमच्या पुढं भरते, ती पुढं सरकवली की सीजीचा प्रश्न मिटला, डाळ वाचली 😄

नांदेडी_नीडल

बीडकर तुमचं बरोबरय पण 7-8 मिनिटं उडवून झालं की पुढं? लातूरकराच्या शेतात लाइट कधी असती ते महावितरणला माहीत. चार बॅटऱ्या घ्या, जनरेटर घ्या, आणि त्या बॅटऱ्या एप्रिलमधे गाडीत ठेवून चहाला जा, आल्यावर फुगलेल्या.

विजेरी_बीडकर

गाडीत ठेवायच्याच नाहीत राव, थर्माकोलच्या डब्यात सावलीला ठेवायच्या. पण चार्जिंगचं खरंय, मी पण जुनी कारची बॅटरी घेऊन फिरतो.

लातूरचा_पतंग

काल रात्री डाळीचा प्रयोग केला. पंख्याच्या हुकाला टांगलं, बायको दारात उभी राहून बघत होती आणि पोरगं म्हणत होतं पप्पा विमानाला जेवू घालायलेत. पिशवी भरली 990 ग्रॅम. टेलड्रॅगर काकांनी सांगितलेले 50 धरून 1040.

61 मफलर, माउंट, प्रॉप, स्पिनरसकट काट्यावर ठेवलं तर 820. म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम शिसं. 61 चा विषय माझ्यापुरता संपला. आता 120 फोर स्ट्रोक का 20 सीसी पेट्रोल? एका ओळखीच्याकडं वापरलेलं ओएस एफएस-120 मिळायलंय. आवाज ऐकला, राव काय घुमतंय, खऱ्या विमानासारखं. मन तिकडंच ओढतंय.

जुना_टेलड्रॅगर

आवाजाला मीही भुललेलो आहे, माझ्या पिट्सवर 120 फोर स्ट्रोकच आहे. ते एफएस-120 तिसऱ्या सिरीजचं पंपवालं असेल तर एकटं इंजिनच 900 च्या थोडं वर भरतं. माउंट, प्रॉप धरलास तर तुझ्या डाळीच्या थोडं पुढं जाईल, रिसिव्हरची बॅटरी मागं सरकवून जमेल. साइटोचं 125 घेशील तर ते 600 च्या आसपास, म्हणजे परत शिसं. फोर स्ट्रोकच्या नावावर जाऊ नको, काट्यावर जा. वापरलेलं घेताना व्हॉल्व्हची फट बघ, इंजिन थंड असताना 0.04 ते 0.1 मिमी पाहिजे. आणि मागचं बेअरिंग, प्रॉप हातानं हळू फिरवून कान लाव, खरखर आली तर आत गंज आहे, घासाघीस कर.

पण प्यायला काय देशील? हे ग्लो इंजिन, मिथेनॉलच्या फ्युएलवर चालतं. 120 ला जोरात उडवलं तर 400 मिलीची टाकी पंधराएक मिनिटांत संपते. मिथेनॉल विषारी, उगाच कुणी कॅनभर हातात देत नाही, कागदपत्र लागतात, नायट्रोचं तर नावच काढू नको. मी पुण्याहून तयार फ्युएल आणतो, तेही कुणी येणारं-जाणारं असलं तर. तुला दर रविवारी उडवायचं असेल तर याचा विचार कर.

नांदेडी_नीडल

तेच म्हणायलोय पहिल्यापासून! डीएलई-20 घे. इंजिन साडेसहाशेच्या आसपास, इग्निशनचा डबा सव्वाशे, मफलर पन्नास, इग्निशनची बॅटरी, स्टँडऑफ, प्रॉप, स्पिनर धरून बरोबर हजारच्या पुढं जातंय. आणि गंमत अशी की डबा आणि बॅटरी हलवता येतात, पुढं ठेव, मागं ठेव, सीजी तिथंच जुळतो. पेट्रोल गावातल्या पंपावर. ऑइल 30 ला 1, कंपनीच्या पुस्तकात तसंच आहे.

पण तीन गोष्टी लक्षात ठेव. पंपावरच्या पेट्रोलात आता 20 टक्के इथेनॉल आहे, ते पाणी ओढतं. उडवून झालं की टाकी पूर्ण रिकामी कर, कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालव. ग्लोची सिलिकॉनची नळी आणि टाकीचं जुनं बूच चालत नाही, पेट्रोलमधे फुगून लोण्यासारखं होतं, टायगॉनची नळी आणि पेट्रोलचं बूच घे. तिसरं, इग्निशनपासून रिसिव्हर फूटभर लांब, आणि थ्रॉटलचा रॉड लोखंडी नको, प्लॅस्टिकचा टाक, नाहीतर त्या रॉडवरून सगळा गोंगाट सर्वोत येतो.

जुना_टेलड्रॅगर

नीडलरावांचं मान्य. लातूरकर, पेट्रोल घे, मला वाईट वाटणार नाही. फक्त एक सांगतो, हे माझ्या अंगावरचं आहे.

पिट्स इंजिन बंद पडल्यावर तरंगत नाही, दगडासारखं खाली येतं. ट्रेनरवर डेडस्टिक झालं तर विचार करायला वेळ असतो, इथं नाक खाली घालून स्पीड धरला तरच पट्टी, नाहीतर जिथं असेल तिथं. माझं पहिलं पिट्स नोव्हेंबरात स्टॉल टर्नच्या वरच्या टोकाला बंद पडलं आणि माणूसभर उंच तुरीत गेलं. दोन तास शोधलं. शेतकरी आला, आधी शिव्या दिल्या, मग त्यानंच शोधून दिलं, वर म्हणाला विमान बारकं आहे म्हणून वाचलात, तूर मोडली असती तर भरून घेतली असती.

बंद का पडलं? इंजिन चांगलं होतं, तापलं. पिट्सच्या काउलचं तोंड एवढं मोठं की आपल्याला वाटतं हवाच हवा. पण हवा आळशी असते, मोकळ्या जागेतून निघून जाते, सिलेंडरच्या फिन्समधून जायचं कष्ट घेत नाही. म्हणून तोंडाच्या मागं पडदा लागतो, फक्त सिलेंडरपुरती खिडकी ठेवून बाकी बंद. मी लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा नमुना कापला, चार वेळा चुकला, पाचव्यांदा बसला, मग तोच दीड मिमी प्लायमधे कापून आतून चिकटवला. आणि खाली हवा बाहेर पडायची जागा आत येणाऱ्या जागेच्या दुप्पट तरी ठेव, तिप्पट ठेवलीस तर अजून बरं. काउल विद्रूप दिसतो म्हणून लोक ही जागा लहान ठेवतात. पोटाखाली आहे, कोण बघणारे.

मफलर पिट्स स्टाइलचा घे, सिलेंडरला वळसा घालून दोन नळ्या खाली काढणारा. नाव याच विमानावरून पडलंय, काउलमधे बसतोही नीट.

लातूरचा_पतंग

काका, नीडलभाऊ, ठरलं मग. डीएलई-20. पगार झाला की ऑर्डर टाकतो. एफएस-120 वाल्याला नाही म्हणताना जिवावर येतंय पण ठीकय. प्रॉप 16x8 (इंचात व्यास आणि पिच) मागवू का?

आणि एक, ती एक किलो डाळ आईनं डब्यात परत टाकली, बाल्साच्या भुशासकट. आज वरणाला लाकडाचा वास येत होता, मी गप बसून दोनदा वाढून घेतलं.

जुना_टेलड्रॅगर

16x8 नको, 17x6 बघ. खाली जमिनीपासून किती अंतर राहतंय ते आधी चाकं लावून मोज, तुझ्या मुरमावर पातं घासलं तर महिन्याला एक प्रॉप लागेल.