दोन हजारांखालचा वेबकॅम म्हणजे कचरा? कोणी ठरवलं?

हार्बरवाला: परवा एका ताईंनी इथे साधा प्रश्न विचारला होता. घरच्या पीसीवर शिकवण्या घ्यायच्यात, स्वस्तातला वेबकॅम सुचवा. त्यावर एका महाशयांनी फर्मान काढलं, "१०८०पी आणि चार हजारांच्या वर. त्याखाली सगळा कचरा." (१०८०पी म्हणजे चित्रात ठिपक्यांच्या १०८० ओळी; ओळी जास्त तितकं चित्र स्पष्ट.) आणि खाली लोकांनी अंगठ्यांची रास लावली. डोकं फिरलं, म्हणून हा वेगळा धागा.

लॉजिटेकचा सी २७० घ्या आणि गप्प बसा. ७२०पी, फोकस ठरलेला, माइक एकच, दिसायला अगदी गरीब. पण मीट किंवा झूमवर चार डोकी जमली की तुमचं चित्र सहसा ७२०पीच्या वर जातच नाही, उलट खालीच येतं. मग तुमचं ते १०८०पी बघणार कोण?

खरी बोंब उजेडाची आहे. आपल्या वन-बीएचकेत टेबल कुठे लागतं? जिथे मावेल तिथे, म्हणजे खिडकी हमखास पाठीमागे. चेहरा काळा आणि बाहेरची ताडपत्री मात्र झगझगीत. उजेड कमी पडला की कॅमेरा प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ घेतो, सेकंदाला ३० फ्रेमच्या १५ होतात आणि हात हलवला की फराटे. महागडा घेतला तरी अंधारात हेच. टेबललॅम्प समोरच्या भिंतीकडे वळवा, तोंडावर मऊ उजेड येतो. वरचे दोन हजार वाचले.

मुलुंडचा_बाप्या: ते महाशय मीच. नाव घ्यायला लाजलात का? सी २७० दहा वर्षांहून जुनं मॉडेल आहे. शिकवणी म्हटली की वही कॅमेऱ्यासमोर धरावी लागते. फिक्स फोकसवर वही जवळ आणली की अक्षरं पुसट. लॉजिटेकच्याच सी ९२० ला ऑटोफोकस आहे, म्हणून म्हटलं. उजेडावर प्रवचन सोपं असतं हो.

हार्बरवाला: आणि तोच ऑटोफोकस हात वर केला की अर्धा मिनिट फोकस शोधत बसतो, ते नाही सांगितलंत.

मुलुंडचा_बाप्या: अर्धा मिनिट! घड्याळ लावून बसला होतात का?

खडूस_काकू: भांडा. ड्रॉवरमध्ये जुना अँड्रॉइड पडलाय ना? फोनचा वेबकॅम करणारं ड्रॉइडकॅम अ‍ॅप टाका, केबल लावा, झालं. अँड्रॉइड १४ पासून काही फोनांत तर अ‍ॅपही लागत नाही, केबल जोडली की वेबकॅमचा पर्याय समोर येतो. चित्र तुमच्या दोघांच्या खेळण्यांपेक्षा चांगलं.

हार्बरवाला: काकू, चित्र चांगलं, मान्य. पण तासन् तास चार्जिंग आणि कॅमेरा दोन्ही चालू ठेवा नि मग हात लावून बघा. आमच्या मेहुण्याच्या फोनची बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं.

खडूस_काकू: मेहुण्याने तो उशीवर ठेवला असेल.

लॅमिंग्टनभक्त: घ्यायचा कुठे ते कोणीच बोलत नाही. ग्रँट रोडला उतरा, लॅमिंग्टन रोडवर हातात घेऊन बघा, घासाघीस करा. ऑनलाइन खोक्यात काय येईल देव जाणे.

कल्याण_स्लो: हातात घेऊनच घेतला होता. खोक्यावर "४के", म्हणजे १०८०पीच्याही चौपट ठिपके, किंमत बाराशे. बिल मागितलं तर म्हणे जीएसटीचे १८ टक्के वेगळे. घरी पेपर हातभर अंतरावर धरला, मथळा कसाबसा वाचता आला, छोट्या जाहिराती म्हणजे नुसती राखाडी पट्टी. परत गेलो तर "साहेब, या रेंजमध्ये असंच येतं."

लॅमिंग्टनभक्त: बाराशेत ४के मिळतो असं वाटलं तिथेच विषय संपला. दुकानदाराने गिऱ्हाईक ओळखलं. कल्याणहून आलेलं कळतं लगेच.

कल्याण_स्लो: कल्याणचा काय संबंध? बिल न देणं ही चोरी आहे, तुमच्या भक्तीत बसत असेल. आणि ते पेपरचं दुकानातच करून बघायला दिलं असतं तर एवढं रामायण झालं नसतं.

लॅमिंग्टनभक्त: ऑनलाइनवाले तरी कुठले संत! कोणाचा तरी परत आलेला माल पुन्हा सील मारून माझ्या गळ्यात घातला होता. लेन्सवर बोटाचा ठसा तसाच!

हार्बरवाला: मंडळी, धागा वेबकॅमचा आहे.

कल्याण_स्लो: मग बिल कशाचं मागत होतो? वांग्यांचं?

चोकवाला: ४केवरून एक सांगतो. वेबकॅमची केबल बहुतेक यूएसबी २ ची, तिची मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट. १०८०पी, ३० फ्रेम, काहीही न दाबता पाठवायचं तर जवळजवळ १००० लागतात. म्हणजे कॅमेऱ्याला आतच चित्र दाबावं लागतं, आणि स्वस्त मालात काटछाट तिथेच होते. केस नि भिंत यांचे चौकोन दिसतात ते त्यामुळे.

दुसरं, ट्यूबलाइटखाली भिंतीवर काळसर पट्टे वर सरकताना दिसतात का? आपली वीज ५० हर्ट्झची आणि कॅमेरा बऱ्याचदा ६० वर बसलेला. विंडोजच्या कॅमेरा अ‍ॅपमध्ये फ्लिकर रिडक्शन ५० करा. ते नसेल तर ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये पॉवरलाइन फ्रिक्वेन्सी बघा. नवा कॅमेरा घेण्याआधी हे करा.

मुलुंडचा_बाप्या: केलं. पट्टे गेले. चार हजारांच्या कॅमेऱ्यालाही ते होते, घ्या, करा पार्टी. पण हार्बरवाले, वहीचं उत्तर अजून आलेलं नाही.

हार्बरवाला: चेहऱ्याला सी २७०. वहीसाठी जुना फोन स्टँडला लावून वरून खाली बघणारा. वही दाखवण्यापुरताच चालू करायचा, म्हणजे तापणार नाही.

खडूस_काकू: म्हणजे फोनच. एवढं दळण दळून फोनच.

मुलुंडचा_बाप्या: काकूंना हार घाला रे कोणीतरी.

लॅमिंग्टनभक्त: कल्याणवाले, राग सोडा. या एकदा, माझ्या माणसाकडे नेतो. पक्क्या बिलासकट, पेपर लावून तपासून.

कल्याण_स्लो: रविवारी जमेल.

लॅमिंग्टनभक्त: रविवारी बहुतेक मार्केट बंद असतं. बघा, म्हणूनच म्हणतो...

कल्याण_स्लो: पुढे कल्याण लिहिलंत तर खबरदार.