मदत हवी आहे : रंगकामापूर्वी विमानाच्या पत्र्याचा फुगवटा कसा काढावा?

नमस्कार.

कोल्हापुरात उद्यमनगरातील एका शेडमध्ये आम्ही दोन आसनी, पूर्णपणे ॲल्युमिनियमचे हलके विमान आराखड्याबरहुकूम बांधत आहोत. सांगाडा पूर्ण झाला असून बाजूचे पत्रे क्लेको (भोकात घालून पत्रा धरून ठेवणाऱ्या, काढता येणाऱ्या स्प्रिंगच्या पिना) लावून तात्पुरते बसवले आहेत. पावसाळी दमट हवा सुरू होण्याआधी रंगकाम उरकायचे असल्याने जाणकारांचा सल्ला लवकर मिळाल्यास फार उपकार होतील.

पत्रा ६०६१-टी६ जातीचा, ०.६ मिमी जाडीचा आहे आणि त्यावर ३.२ मिमीचे पॉप रिव्हेट मारायचे आहेत. केबिनच्या मागचा डावा पत्रा सकाळी सपाट असतो. दुपारी दारातून ऊन आले की दोन फ्रेमांच्या मधोमध बाहेर फुगतो आणि अंगठ्याने दाबल्यावर टक् असा आवाज करून आत जातो. कारण उघड आहे. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे ०.०२३ मिमी वाढते, त्यामुळे १.२ मीटरचा हा पत्रा आतल्या फ्रेमांपेक्षा २० अंशांनी जास्त तापला तर जवळजवळ ०.५५ मिमी लांब होऊ पाहतो, आणि कडा जखडलेल्या असल्याने ती वाढ फुगवट्यातच निघते.

पत्रा एकसारखा गरम करून रिव्हेट मारले तर निवल्यावर तो ताणलेला राहतो, ही जुनी पद्धत मला पटते. माझा प्रश्न भोकांचा आहे. ती थंड पत्र्यावर २.५ मिमीची पाडलेली आहेत. मधल्या रांगेपासून सुरुवात केली, तर टोकाचे भोक सुमारे ०.२८ मिमी सरकेल, ३.२ मिमीपर्यंत वाढवताना प्रत्येक बाजूने ०.३५ मिमी धातू निघतो, म्हणजे हिशेब कसाबसा बसतो. परंतु सरकलेल्या भोकात क्लेको नीट शिरेल का, आणि ड्रिल एका कडेला ओढून भोक लंबगोल होईल का, हे प्रत्यक्ष काम केलेल्यांनीच सांगावे.

दुसरा मार्ग आतून एल आकाराची पट्टी लावण्याचा. ती भरवशाची असली तरी शेपटीकडे वजन वाढवते आणि आराखडाकाराच्या संमतीशिवाय मी ती लावणार नाही. पुट्टीने सपाटी आणण्याचा सल्ला कृपया देऊ नये. हलत्या पत्र्यावर ती तडकते आणि वरचा रंगही घेऊन निघते.

याच पत्र्यावरील तपासणीच्या झाकणाभोवती ०.८ मिमी फट ठेवली आहे. प्रायमर आणि रंग मिळून प्रत्येक कडेवर साधारण ०.१ मिमी थर धरला, तरी ०.६ मिमी उरते. झाकण उन्हात तापल्यावर अडकू नये यासाठी एवढी फट पुरेल का? आणि गरम करून रिव्हेट मारलेल्यांनी पत्रा कशाने तापवला, तापमान कसे मोजले आणि रिव्हेट कोणत्या क्रमाने मारले, हे सविस्तर लिहावे, ही विनंती.