कापायच्या सरावाला खरी कताना हवी, दोनपैकी कुठली घेऊ?

मुक्काम नागोया:
नमस्कार मंडळी. नागोयात बत्तोदो, म्हणजे तलवार उपसून कापायची जपानी कला, शिकायला लागून तीन वर्षं झाली. काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा सराव, अजून इआइतोवर, बिनधारेच्या सरावाच्या तलवारीवर करतो, कापायच्या दिवशी सेन्सेई (गुरुजी) स्वतःची तलवार हातात देतात. गेल्या रविवारी म्हणाले, आता तुझी तू घे. तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही.

उंची पाच फूट सात, तयारी चार लाख येनपर्यंत. एका दुकानात दोन बघून ठेवल्यात. पहिली २ शाकू ३ सुनची (साधारण ७० सेंमी), पात्याला लांब पन्हळ, हामोन, म्हणजे धारेलगतची लाटेसारखी नक्षी, असा की नजर हटत नाही, मूठ एदो काळातली, दीडशेहून जास्त वर्षं जुनी. दुसरी २ शाकू ४ सुन ५ बुची (साधारण ७४ सेंमी), पन्हळ नाही, पात्यावर बारीक चरे, मूठ नवी करून घेतलेली. जीव पहिलीत अडकलाय. शिवाय न्यू जर्सीचा चुलतभाऊ म्हणतो, तिकडे फार स्वस्तात मिळते, येताना घेऊन येतो. काय करू?

सेकीकर:
आधी भावाला फोन करून थांबवा. परदेशात बनलेल्या पोलादी कतानाची जपानमध्ये नोंदणीच होत नाही, आणि तोरोकुशो, म्हणजे नोंदणीचा दाखला, नसलेली तलवार घरात ठेवणं हा गुन्हा आहे. इथं घेतलीत की तोरोकुशो ज्या प्रांताच्या शिक्षण मंडळाचा असेल त्यांना २० दिवसांच्या आत मालक बदलल्याचं कळवा.

आता तलवारीचं. दुसरी घ्या. पण मूठ उतरवून आत बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

सगळे पोलादाचं विचारतात, मला मुठीनं शिकवलं. माझी पहिली तलवार अशीच जुन्या मुठीची होती. विकणाऱ्यानं 'कापायला चालेल' म्हणून सांगितलेलं. तिसऱ्या का चौथ्या केसागिरीला, म्हणजे तिरक्या घावाला, तळव्यात बारीकशी टक् जाणवली. कानाला काही ऐकू आलं नाही. सेन्सेईंना मात्र माझ्या हाताकडे बघूनच कळलं, त्यांनी तिथल्या तिथे थांबवलं. मुठीतली खुंटी, मेकुगी, काढली तर तिचा बांबू मधोमध चेपलेला, आणि आतल्या होओ लाकडाला भोकापासून उभी चीर गेलेली. अजून एक घाव घातला असता तर पातं सुटून समोर बसलेल्या मुलांमध्ये गेलं असतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मूठ म्हणजे काय, तर लाकडाच्या दोन फळ्या भाताच्या खळीनं चिकटवलेल्या, त्यावर पाकटाचं कातडं आणि वरून दोरी. पात्याचा दांडा आत बसतो आणि त्याला धरून ठेवते ती पेन्सिलीएवढी बांबूची खुंटी, तीच मेकुगी. शे-दीडशे वर्षांत लाकूड आटतं, खळ मरते. बाहेरून दोरी कितीही घट्ट दिसो. जपानीत 'मेकुगी ओ शिमेसु' असा वाक्प्रचार आहे, मेकुगी ओली करणं: लढाईआधी थुंकीनं खुंटी ओलावायचे, म्हणजे ती निसटायची नाही. मी दर सरावाआधी अंगठ्यानं दाबून बघतो. बांबू सुसुदाके मिळाला तर तोच घ्या, जुन्या गवती छपरांच्या घरांत चुलीच्या धुरानं वर्षानुवर्षं काळा झालेला.

पन्हळीनं पातं हलकं होतं आणि हवेत सुंदर आवाज येतो. पण हासुजी चुकली, म्हणजे धार एकीकडे आणि घाव दुसरीकडे गेला, की पन्हळीचं पातं आधी वाकतं. आणि सुरुवातीला हासुजी सगळ्यांचीच चुकते. शेवटचं: दोन्हींची धार उजेडाकडे धरून इंच इंच बघा. धारेला आडवी केसाएवढी रेघ दिसली तर ती हागिरे, तडा. त्या पात्यानं कधीही कापू नये.

जर्सीवाला:
इथं अमेरिकेत कायदा आड येत नाही म्हणून मी ९२६० नंबरच्या पोलादाची तलवार वापरतो. स्प्रिंगचं पोलाद, थोडं वाकलं तर आपलं आपण सरळ होतं. मातीचा लेप देऊन पाणी दिलेल्या पात्याची धार कडक आणि पाठ मऊ, ते एकदा वाकलं की वाकलेलंच राहतं. मुठीबद्दल सेकीकरांचा शब्द न् शब्द खरा. माझ्या नव्याकोऱ्या तलवारीच्या दोन मेकुग्यांपैकी एक इतकी सैल होती की तलवार उलटी केल्यावर खाली पडली.

मुक्काम नागोया:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुकानात गेलो. मूठ उतरवून दाखवा म्हटल्यावर मालकांचा चेहरा खुलला, गादीवर कापड पसरून दोन्ही उघडल्या. पहिलीची खुंटी बोटानंच सरकली आणि दांडा आत खुळखुळत होता. दुसरीची मूठ निघताना लाकडी ठोकणीचे सात-आठ ठोके लागले. धार दोनदा बघितली, हागिरे नाही. दुसरीचे पैसे भरले. पहिलीचा हामोन जाताना पुन्हा एकदा बघून घेतला. आता कापायच्या सरावाला गुंडाळून उभ्या करतात त्या चटया कुठून आणू?

सेकीकर:
अभिनंदन! जवळच्या तातामीवाल्याकडे, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटया बनवणाऱ्याकडे जा. घरांच्या तातामींचं वरचं आवरण बदलतात, ते जुनं ओमोते त्यांना टाकायचंच असतं, नम्रपणे मागितलं तर देतात. गुंडाळून बांधा, रात्रभर पाण्यात बुडवा, सकाळी उभ्या करून निथळू द्या. आधी एकाच चटईची गुंडाळी, जाड नको. ओल्या इगुसा गवतानं पात्यावर लगेच डाग धरतो, म्हणून सराव संपला की घरी जायची वाट न बघता तिथंच पुसा आणि तलवारीला लावायच्या चोजी तेलाचा हात फिरवा. आणि त्याच मालकांकडून एक जादा मेकुगी तुमच्या भोकाच्या मापानं तासून घ्या, पिशवीत असू द्या.