बर्फ सरकवायच्या गाडीचा ॲक्सिलरेटर अडकतोय

*सेक्रेटरी:* नमस्कार. बर्फ सरकवायची युटिलिटी गाडी आज बंद आहे. ॲक्सिलरेटर दाबला की दाबलेलाच राहतोय. चावी माझ्याकडे आहे, कृपया कोणी मागू नये.

*बी ३०४:* काल संध्याकाळी तर छान चालत होती!

*सी १०१:* मागेही असंच झालेलं. दुपारी मेकॅनिक आला, एक चक्कर मारली, म्हणाला काहीच प्रॉब्लेम नाही. बिल मात्र दिलं 😄

*ए २०२:* सकाळी अडकते आणि दुपारी सुटते, म्हणजे बहुतेक पेडलपासून इंजिनकडे जाणाऱ्या केबलमध्ये पाणी आहे. बाहेरच्या नळीत शिरलेलं पाणी रात्री गोठतं आणि आतली तार धरून ठेवतं. ऊन पडलं की गाडी शहाण्यासारखी वागते. मेकॅनिकला दुपारी काय दिसणार, कपाळ?

*सी १०१:* ताई, किटलीभर उकळतं पाणी ओतू का?

*ए २०२:* नको हो! आत्ता सुटेल, पण तेच पाणी नळीत राहून रात्री पुन्हा गोठेल. गाडी ढकलत बेसमेंटमध्ये घ्या, इंजिन सुरू करू नका.

*बी ३०४:* ढकलून पाहिली. मागची चाकं जाम आहेत.

*ए २०२:* हँडब्रेक लावून ठेवली होती?

*सेक्रेटरी:* हो. उतार आहे ना तिथे.

*ए २०२:* मग ब्रेकचे ओले पॅड चाकाच्या डिस्कला गोठून चिकटलेत. इंजिनच्या जोरावर ओढायला जाऊ नका, ड्राइव्ह बेल्ट, म्हणजे इंजिनचा जोर चाकांकडे नेणारा पट्टा, जळेल. आधी चाकांना ठोकळे लावा, मग हँडब्रेक सोडा आणि हेअर ड्रायरने ब्रेकला सावकाश ऊब द्या. यापुढे सपाट जागी, गिअरमध्ये, ठोकळे लावून ठेवायची.

*डी ४०१:* स्टिअरिंगही जड लागतं हल्ली. पिवळा दिवा येतो. तेही गोठलं का?

*ए २०२:* ते बॅटरीचं असू शकतं. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगला करंट भरपूर लागतो आणि व्होल्टेज पडलं की ते मदत करणं सोडून देतं. थंडीत बॅटरीचा जोर निम्म्यावर येऊ शकतो, त्यात फाळ उचलायची मोटर आणि दिवे एकदम चालू. इंजिन बंद असताना मोजा: साधारण १२.६ व्होल्ट म्हणजे फुल, १२.२ म्हणजे अर्धी. उतरलेली बॅटरी गोठतेसुद्धा. फुगलेली दिसली तर चार्जर लावायचा नाही.

*सी १०१:* आणि केबल? घरात डब्ल्यूडी-४० स्प्रे आहे.

*ए २०२:* पाणी बाहेर काढायला चालेल, कायमचं वंगण म्हणून नाही. जाड ग्रीस तर अजिबात नको, थंडीत तेच घट्ट होऊन बसतं. पण आधी दोष कुठे आहे ते बघा. चावी काढलेली ठेवा आणि इंजिनकडचं केबलचं टोक सोडवून तिथला छोटा लिव्हर बोटाने फिरवा. सहज फिरून टक्कन परत आला तर दोष केबलचा किंवा पेडलचा. लिव्हरच अडकला तर बर्फ थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनला हवा सोडणाऱ्या झडपेच्या, आत आहे, मग ड्रायरने भागणार नाही.

*बी ३०४:* लिव्हर मोकळा आहे! टक्कन येतोय. आणि केबलच्या टोकाची रबरी टोपी फाटलीय. फोटो टाकतो.

*ए २०२:* तिथूनच पाणी जातंय. नवी केबल टोपीसकट घ्या, जुनी सुकवून पुन्हा बसवू नका. आणि गाडी रोज संध्याकाळी प्रेशरने कोण धुतंय?

*सेक्रेटरी:* बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठामुळे गंजते म्हणून कमिटीनेच ठरवलं होतं.

*ए २०२:* धुवा की, पण दुपारी धुवा. पाण्याचा झोत पेडलखाली आणि केबलच्या टोकांवर नको. धुतल्यावर थोडी चालवून, ब्रेक दाबत दाबत सुकवा आणि मगच उभी करा.

*डी ४०१:* चालत्या गाडीत ॲक्सिलरेटर अडकला असता तर?

*ए २०२:* आधी चावी बंद, मग ब्रेक घट्ट. चालवणाऱ्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा. आणि रोज सकाळी इंजिन सुरू करण्याआधी पेडल पूर्ण दाबून सोडायचं. आपोआप वर आलं नाही तर गाडी काढायचीच नाही.

*सेक्रेटरी:* ठीक. केबल मागवतो. तोपर्यंत फावडी जिन्याखाली आहेत. विंगवार पाळ्या लावू का?

*सी १०१:* माझी पाठ दुखतेय.

*बी ३०४:* कालपर्यंत नव्हती दुखत 😂